सरकारी अंगणातला गोठा

पॉटकेट हे अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातले सूतगिरण्यांचे जुने गाव. तिथल्या बाजारपेठेतल्या एका बागेत नगरपालिका दर नाताळाला देखावा मांडायची. सांताक्लॉजचे घर, त्याची गाडी ओढणारी रेनडिअर, नाताळाचे झाड, शेकडो रंगीत दिवे, कॅरल गाणाऱ्या मंडळींच्या आकृत्या. शिवाय एक विदूषक, एक हत्ती आणि एक टेडी अस्वल. बेथलेहेममध्ये हत्ती कुठून आला, हे विचारायचे नाही. या गर्दीत बाळ येशूचा गोठाही असे, मरिया, योसेफ, मेंढपाळ, राजे आणि गुरांसकट. गोठ्याच्या मूर्ती नगरपालिकेने १९७३ साली १,३६५ डॉलर मोजून विकत घेतल्या होत्या. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ही संघटना आणि गावातले काही रहिवासी कोर्टात गेले. सरकारने कुठल्याही धर्माची प्रस्थापना करू नये असे राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सांगते, मग नगरपालिकेच्या तिजोरीतून येशूचा पाळणा कसा येतो, असा त्यांचा सवाल होता. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढला आणि १९८४ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. गोठा राहिला.

निकालामागचे कारण मुळातून वाचावे असे आहे. सरन्यायाधीश वॉरेन बर्गर म्हणाले की गोठा सुटा पाहू नका, देखावा सगळा मिळून पाहा. सणाची सुट्टी साजरी करणे आणि ती सुट्टी मुळात कशाची हे दाखवणे, हा ऐहिक हेतू आहे. त्यातून धर्माला थोडाफार फायदा झालाच तर तो जाता जाता झालेला. साध्या भाषेत सांगायचे तर विदूषक, हत्ती आणि टेडी अस्वल यांच्या संगतीत राहून येशूजन्म पुरेसा निरुपद्रवी झाला होता, म्हणून चालला.

अल्पमतात राहिलेले न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांना हे झोंबले. हा एका पवित्र चिन्हाचा गैरवापर आहे, असे त्यांनी लिहिले. अशा ठिकाणी ख्रिस्ती माणसाला त्या गोठ्याचा खरा अर्थ उच्चारायला संकोच वाटेल आणि ख्रिस्ती नसलेल्याला आपण परके आहोत असे वाटेल. या सबंध वादात याहून नेमके कोणी बोलल्याचे मला आढळलेले नाही. त्या दिवशी नगरपालिका जिंकली आणि बाजारपेठही जिंकली. ज्याच्यासाठी तो गोठा म्हणजे देवाचा जन्म होता त्या भाविकाच्या पदरात काय पडले? वसईच्या गावागावांत पोरे रात्री जागवून गोठे बांधतात, गोव्यात घरोघरी गोठे लागतात, त्यांच्या स्पर्धा होतात. त्यांतल्या कुणाला जाऊन सांगून पाहा, की तुझा गोठा चालेल, कारण शेजारी टेडी अस्वल असल्यामुळे तो फारसा धार्मिक वाटत नाही.

अमेरिकेतला हा वाद तिथली वर्तमानपत्रे आस्तिक विरुद्ध नास्तिक असा रंगवतात. दर डिसेंबरला ‘नाताळावरचा हल्ला’ अशी हाकाटी होते आणि जानेवारीत सगळे विसरतात. मला वाटते, गोंधळ थोडा त्यांच्या भाषेतही आहे. इंग्रजीतल्या ‘पब्लिक’ या एका शब्दात आपल्याकडचे दोन शब्द कोंबलेले आहेत: सार्वजनिक आणि सरकारी. रस्त्यातली माणसे जे मिळून करतात ते सार्वजनिक. जे शासन आपल्या नावाने, आपल्या अधिकाराने करते ते सरकारी. सणाचा देखावा सार्वजनिक असायला माझी कसलीच हरकत नाही, मग तो कितीही भडक असो. तो सरकारी होऊ नये एवढेच माझे म्हणणे आहे, आणि ते नास्तिकापेक्षा भाविकाच्या जास्त हिताचे आहे.

हे म्हणणे काही नवे नाही. पॉटकेटच्या शेजारचे प्रॉव्हिडन्स शहर १६३६ साली ज्याने वसवले तो रॉजर विल्यम्स हा कट्टर धर्मोपदेशक होता. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या, सत्ताधीशांनी त्याला हद्दपार केले होते, कारण माणसाच्या श्रद्धेवर दंडाधिकाऱ्याची सत्ता चालत नाही, असे तो उघड सांगत असे. चर्च ही बाग आणि जग हे रान, अशी त्याची प्रतिमा होती. मधले कुंपण मोडले की बागेचेच रान होते. कुंपण त्याला हवे होते ते रानाच्या रक्षणासाठी नव्हे. त्याला काळजी होती बागेची. त्याच्याच राज्यात, त्याच्या गावापासून हाकेच्या अंतरावर, साडेतीनशे वर्षांनी नगरपालिकेने गोठा विकत घेऊन हत्तीशेजारी मांडला.

आणि ज्या प्युरिटनांनी विल्यम्सला हाकलले त्यांनी पुढे १६५९ साली काय केले? नाताळ साजरा करण्यावरच बंदी घातली. पाच शिलिंग दंड. बायबलमध्ये २५ डिसेंबरचा उल्लेख नाही, हा सगळा खाण्यापिण्याचा धिंगाणा आहे, असे त्यांचे मत होते. १६८१पर्यंत तो कायदा टिकला. अमेरिकेच्या मातीत नाताळावर पहिला कायदेशीर हल्ला झाला तो नास्तिकांकडून झालेला नाही, इतके लक्षात ठेवले तरी टीव्हीवरची बरीच आरडाओरड आपोआप विनोदी वाटू लागते.

पॉटकेटनंतर पाच वर्षांनी प्रकरण पिट्सबर्गचे आले. तिथे दोन देखावे होते. काउंटीच्या कोर्टाच्या भव्य जिन्यावर एका कॅथलिक मंडळाने दिलेला गोठा होता. वर देवदूत आणि त्याच्या हातात ‘परमेश्वराचा जयजयकार असो’ या अर्थाची लॅटिन पताका. थोड्या अंतरावर दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेर ४५ फुटी नाताळचे झाड, त्याच्याजवळ ज्यूंचा १८ फुटी मेनोरा, म्हणजे हनुक्काची दीपमाळ, आणि महापौरांच्या नावाची, स्वातंत्र्याला वंदन करणारी एक पाटी. न्यायालयाने गोठा बाद केला आणि मेनोरा ठेवला. कारण गोठा एकटा होता आणि मेनोरा झाडाच्या सावलीत होता. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती तेच, ब्लॅकमन. मतांची फाटाफूट एवढी, की कोण कुठल्या भागाशी सहमत आहे हे समजून घ्यायला कागद-पेन्सिल लागते. तेव्हापासून तिथले वकील थट्टेने ‘प्लास्टिकच्या प्राण्यांचा नियम’ म्हणतात: गोठ्याभोवती पुरेशी हरणे ठेवा, म्हणजे तो घटनेत बसेल. धर्मचिन्हाशेजारी किती फुटांवर काय ठेवले आहे हे न्यायाधीशाने टेप घेऊन मोजावे, यात धर्माचीही शोभा नाही आणि न्यायाचीही नाही.

मग दुसरी वाट निघाली. सरकारने स्वतः काही मांडू नये, फक्त जागा खुली करावी. ज्याला जे मांडायचे ते त्याने स्वतःच्या खर्चाने मांडावे. एकाला दिली तर सगळ्यांना द्यायची. ही वाट पहिलीपेक्षा निश्चित बरी, कारण बोलणारा कोण हे स्पष्ट असते. पण ‘सगळ्यांना’ या शब्दाची किंमत किती असते हे लोकांना हळूहळू कळत गेले. ओहायोत कोलंबस इथे राज्याच्या विधानभवनासमोरच्या चौकात झाड आणि मेनोरा लागत असे. १९९३ साली कू क्लक्स क्लॅनने तिथे क्रूस उभारायची परवानगी मागितली. काळ्या माणसांच्या अंगणात रात्री पेटते क्रूस लावणारी ही संघटना. परवानगी नाकारली गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सात विरुद्ध दोन मतांनी सांगितले की नाकारता येणार नाही.

नास्तिकांची गाठ इथेच पडते. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात मुख्यालय असलेली फ्रीडम फ्रॉम रिलिजन फाउंडेशन ही संघटना तिथल्या विधानभवनात १९९०च्या दशकापासून हिवाळ्यात आपली पाटी लावत आली आहे. २००८ साली तीच पाटी वॉशिंग्टन राज्याची राजधानी ऑलिंपिया इथल्या विधानभवनात लागली. जवळच गोठा होता. पाटीवरचा मजकूर मराठीत साधारण असा: उत्तरायणाच्या या आरंभी विवेकाचा विजय होवो. देव नाहीत, सैतान नाहीत, देवदूत नाहीत, स्वर्ग किंवा नरक नाही. आहे ते फक्त निसर्गाचे हे जग. धर्म म्हणजे निव्वळ कल्पित कथा आणि अंधश्रद्धा. त्यामुळे हृदये कठोर होतात आणि मने गुलाम होतात.

देशभर गदारोळ झाला. टीव्हीवरून गव्हर्नर ख्रिस्टीन ग्रेगॉयर यांच्यावर आग पाखडली गेली. पाटी चोरीला गेली आणि त्याच दिवशी एका रेडिओ केंद्रात कोणीतरी आणून दिली. नव्या पाटीला आपण ‘चोरी करू नकोस’ अशी चिठ्ठी जोडू, असे संघटनेने सांगितले. हा एवढा विनोद मात्र मला मनापासून आवडला. मग अर्जांचा पाऊस पडला. प्रशासनाने नवे देखावे थांबवले आणि पुढच्या वर्षी इमारतीच्या आतले खासगी देखावे बंद झाले.

पाटी लावण्याचा त्यांचा हक्क गोठ्याच्या हक्काइतकाच पक्का होता, यात मला तिळमात्र शंका नाही. ‘सणासुदीला कशाला कुणाचे मन दुखवायचे’ हे उत्तर मला मान्य नाही. ज्याला सरकारी दारात गोठा पाहून वर्षानुवर्षे खटकले, त्याचेही मन असतेच, ते फक्त कुणी विचारलेले नसते. पण हक्क आणि शहाणपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या पाटीतल्या पहिल्या वाक्यात एक सण आहे: वर्षातली सर्वांत लांब रात्र सरली, दिवस मोठा होऊ लागला, चला, आनंद करू. हे वाक्य मलाही म्हणावेसे वाटते. शेवटच्या वाक्यात शेजाऱ्याच्या सणाला दिलेली शिवी आहे. देखावा म्हणून ती पाटी आपल्या पायावर उभी राहत नाही. गोठा काढला तर तिलाही तिथे काम उरत नाही.

आपल्याकडच्या विवेकवादी चळवळीने हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला, आणि त्याचे श्रेय तिला पुरेसे मिळालेले नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते होळीला चौकात उभे राहत ते ‘होळी करा लहान, पोळी करा दान’ म्हणत. गणेश विसर्जनाला नदीकाठी उभे राहत ते ‘मूर्ती दान करा, निर्माल्य पाण्यात टाकू नका’ असे सांगायला. त्यांनाही विरोध झाला, शिव्या मिळाल्या. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना तर २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून मारले, तेव्हा आपल्याकडे सगळे सुरळीत आहे असे म्हणण्याची सोय नाही. पण त्या पोळीच्या घोषणेत सणात सामील व्हायची जागा आहे. जमा झालेली पोळी कुणाच्या तरी पोटात जाते. होळी पेटवणारा माणूस ती ऐकून चिडला तरी घरी जाऊन विचार करू शकतो. ऑलिंपियातली पाटी वाचून विचार करायला लागलेला एकही भाविक मला कल्पनेतसुद्धा दिसत नाही. गावातल्या अनाथाश्रमाला नाताळची मेजवानी देणारा नास्तिकांचा देखावा असता तर टीव्हीवाल्यांची पंचाईत झाली असती.

खुल्या जागेची वाट पुढे कुठे गेली ते थोडक्यात सांगतो. फ्लॉरिडाच्या विधानभवनात २०१३ साली गोठ्याच्या उत्तरादाखल बिअरच्या रिकाम्या डब्यांचा खांब उभा राहिला, ‘फेस्टिव्हस’ नावाच्या, एका विनोदी टीव्ही मालिकेतून लोकप्रिय झालेल्या सणाचा. पुढच्या वर्षी सैटॅनिक टेंपल या संघटनेने ज्वाळांत कोसळणारा देवदूत मांडला. ही मंडळी सैतान खरोखर आहे असे मानत नाहीत. सरकारने एका धर्माला दार उघडले की आमच्यासाठीही उघडावे लागते, हे दाखवणे हाच त्यांचा धर्म म्हणा ना. २०२३च्या डिसेंबरात आयोवाच्या विधानभवनात त्यांनी मेंढ्याचे डोके असलेला बॅफोमेट, म्हणजे सैतानाचे प्रतीक मानली जाणारी मूर्ती, ठेवला. दुसऱ्या राज्यातून आलेल्या एका माणसाने त्याचे डोके उडवले. तिथल्या गव्हर्नर किम रेनॉल्ड्स यांनी देखावा आक्षेपार्ह आहे असे म्हटले, पण तो हटवला नाही. मुक्त समाजात आक्षेपार्ह बोलण्यावर उत्तम उत्तर म्हणजे आणखी बोलणे, असे त्या म्हणाल्या. राजकारण्याच्या तोंडून असे वाक्य ऐकायची आपल्याला सवय नाही, त्यामुळे मी ते दोनदा वाचले. तरीही त्या सभागृहात नेमके काय साध्य झाले, हा प्रश्न उरतोच. गोठ्याची थट्टा करायला बॅफोमेट आला आणि त्याला उत्तर द्यायला गोठा अधिक मोठ्या आवाजात आला. यात भक्ती शोधूनही सापडत नाही.

माझ्या म्हणण्यावर खरा आक्षेप येतो तो अल्पसंख्याकांकडून, आणि त्यात अमेरिकेतली मराठी माणसेही येतात. ते म्हणतात, सरकारी दारात झाड होतेच, आता दिवाळीचा दिवाही लागतो; इतक्या वर्षांनी आम्हाला कुणी ओळखले, तर तुम्ही म्हणता सगळेच काढा? या भावनेला मी हलके लेखत नाही. पण तिच्यात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पेनसिल्व्हेनियाने २०२४ साली दिवाळीला राज्याच्या सणांत स्थान दिले, कॅलिफोर्नियाने २०२५ साली तसाच कायदा केला. सुट्टी दिली की माणूस घरी जातो आणि त्याला हवे ते करतो, किंवा काहीच करत नाही. त्याची पूजा सरकारला करावी लागत नाही. तसेच महाराष्ट्र मंडळाने गणपतीसाठी शाळेचे सभागृह भाड्याने घेतले आणि दुसऱ्या कुणालाही त्याच भाड्यात ते मिळत असेल, तर त्यातही काही वावगे नाही. महापौराने सरकारी इमारतीत, सरकारी खर्चाने, सरकारच्या वतीने दिवा लावला, की मात्र तो दिवा पिट्सबर्गच्या मेनोऱ्याच्या रांगेत जाऊन बसतो. मग तो झाडाच्या सावलीत आहे ना, पुरेसा ‘सांस्कृतिक’ आहे ना, हे कुणीतरी मोजू लागणार. शिवाय आज जो महापौर दिवा लावतो त्याच्या जागी उद्या दुसरा येईल.

‘सांस्कृतिक’ हा शब्द आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे. जुलै २०२५मध्ये महाराष्ट्र सरकारने सार्वजनिक गणेशोत्सव हा राज्य महोत्सव असल्याचे विधानसभेत जाहीर केले. आपली घटना अमेरिकेच्या घटनेसारखी भिंत बांधत नाही हे खरे. विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर घेता येणार नाही असे अनुच्छेद २७ म्हणतो, पण शासन आणि देऊळ यांच्यात आपल्याकडे हजार वाटा आहेत. म्हणून कायद्याची तुलना मी करत नाही. फक्त युक्तिवाद ओळखीचा वाटतो एवढेच: हा धर्म नव्हे, ही परंपरा, हा इतिहास, ही संस्कृती. बर्गरसाहेबांचाच सूर. १८९३ साली लोकमान्यांनी घरातला गणपती चौकात आणायला बळ दिले (पहिला मान त्यांचा की भाऊसाहेब रंगारींचा, हे पुणेकरांवर सोपवू), तेव्हा त्यातली खुमारी अशी होती की उत्सव लोकांचा होता आणि सरकार कुंपणाबाहेर उभे राहून संशयाने बघत होते. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणारी पोरे हा त्याचा कणा. वर्गणीला नाही म्हणता येते, निदान तत्त्वतः. कराला येत नाही.

अमेरिकेत वारे सध्या उलट दिशेने वाहते आहे. २०२२ साली, सामन्यानंतर मैदानावर प्रार्थना करणाऱ्या ब्रेमर्टनच्या सरकारी शाळेतल्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कसोट्या बाजूला सारल्या आणि इतिहास व परंपरा पाहून ठरवा असे सांगितले. कुणाची परंपरा? मॅसॅच्युसेट्सची धरली तर पाच शिलिंग काढा.

मला पटलेले उत्तर कॅलिफोर्नियात सांता मोनिका इथे मिळते, आणि तेही काही सुखासुखी आलेले नाही. समुद्रकाठच्या पॅलिसेड्स पार्कमध्ये १९५०च्या दशकापासून चर्चची मंडळी येशूजन्माचे चौदा देखावे ओळीने मांडत. २०११ साली नास्तिकांनीही अर्ज केले. जागा कमी, अर्ज जास्त, म्हणून नगरपालिकेने सोडत काढली. २१ जागांपैकी १८ नास्तिकांना गेल्या, चर्चना दोन मिळाल्या आणि एक हनुक्काला. जुनी परंपरा चिठ्ठ्यांच्या डब्यात मेली, अशी ओरड झाली आणि ती समजण्यासारखी होती. गावातल्या अनेकांचे बालपण त्या चौदा खोक्यांसमोर गेले होते. पण परंपरा म्हणून जिचा उल्लेख होत होता ती इतकी वर्षे दुसऱ्या कुणी जागा मागितली नाही म्हणूनही चालली होती. पुढच्या वर्षी नगरपालिकेने बागेत असे बिनमाणसांचे देखावे मांडून ठेवणे सर्वांसाठीच बंद केले. चर्चनी दाद मागितली, न्यायाधीशांनी स्थगिती नाकारली, आणि गोठे खासगी जागेत गेले.

बंदी होती ती देखावा ठेवून निघून जाण्यावर. बागेत येऊन कॅरल गाण्यावर नव्हती, पत्रके वाटण्यावर नव्हती, हातात पाटी धरून उभे राहण्यावर नव्हती. मरिया आणि योसेफ बनून जिवंत माणसे बसली तर त्यावरही नव्हती. डिसेंबरच्या वाऱ्यात कुणी आपल्या गोठ्याशेजारी तासभर उभा राहिला, तर येणारा-जाणारा थांबून त्याच्याशी बोलू शकतो. चार पावलांवर आपली पाटी घेऊन उभ्या असलेल्या नास्तिकाशीही बोलू शकतो. थंडी जास्त झाली की दोघेही आपापले सामान उचलून घरी जातील, आणि बाग नगरपालिकेची आहे तशी राहील.